ठाण्याच्या खाटेपासून मेडिक्लेमच्या खाटेपर्यंत

आमच्या माकुणसारला, केळव्याला, सफाळ्याला लहानपणी कुणी जरा वेड्यासारखं वागलं की एकच वाक्य ऐकू यायचं, "याला ठाण्याला पाठवा रे." ठाण्याला म्हणजे कुठे, हे विचारायची गरज नसायची. आमचा तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. कलेक्टर ठाण्याला, मोठं कोर्ट ठाण्याला. पण त्या वाक्यातलं ठाणे म्हणजे मेंटल हॉस्पिटल.

आमच्या घरात ते वाक्य कुणी बोलत नसे, कारण माझा सख्खा काका खरंच तिथे होता.

आज हे लिहायला कारण झालं. गावातलाच एक मुलगा, तिशीच्या आतला, बोईसरला एमआयडीसीत कामाला. गेल्या पावसाळ्यापासून आजारी आहे, डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया लिहिलंय. त्याची बायको कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे आली. "दादा, विमा कापतात म्हणतात पगारातून, मग पैसे का नाही मिळत?" त्या पिशवीचं उत्तर शोधता शोधता मी मागे जात राहिलो आणि थेट काकापाशी पोचलो. दोघांना विचारूनच लिहितोय. नाव, कंपनी, काही देणार नाही. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी काका.

१९८३ साली काकाला ठाण्याला नेलं. तेव्हा १९१२ चा इंडियन लूनसी ॲक्ट चालू होता. इंग्रजांचा कायदा, स्वातंत्र्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं चालला. त्याची जागा घेणारा १९८७ चा कायदा लागू व्हायला १९९३ उजाडलं. त्या जुन्या कायद्यात माणूस स्वतःहून दाखल होऊ शकत असे, पण तो तयार नसेल तर नातेवाइकाने मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा, दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे आणि कोर्टाचा हुकूम घेऊन इस्पितळात जायचं. आजोबा आयुष्यात कधी कोर्टाची पायरी चढले नव्हते, ते पोटच्या पोरासाठी चढले. आजी म्हणायची, जमिनीच्या भांडणाला लोक कोर्टात जातात, आम्ही पोराच्या डोक्यासाठी गेलो.

आत गेल्यावर मात्र खर्च नव्हता. खाट, जेवण, कपडे, औषध, सगळं सरकारचं. चौदा महिन्यांनी काका बरा होऊन घरी आला. खरी ओढाताण सुरू झाली ती तिथून पुढे. गोळ्या ठाण्याला फुकट मिळत, पण त्या आणायच्या कशा? सफाळ्याहून विरार शटल, पुढे दादर, दादरहून ठाणे, तिथे ओपीडीची रांग, आणि तोच रस्ता उलटा. एका माणसाचा अख्खा दिवस. काकाला एकटं पाठवता येत नसे, म्हणजे दोन माणसांचा. वाडीत काम असलं, पावसाने गाडी बंद पडली, की महिना हुकायचा. दोन महिने हुकले की काका रात्रभर जागायचा, विहिरीशी बोलायचा. आणि मग पुन्हा ठाण्याची खाट. असं दोनदा झालं.

खाटेवरच्या काकाचा खर्च सरकार करत होतं. घरातल्या काकाचा कुणीच करत नव्हतं. हे मला तेव्हा कळलं नव्हतं, पिशवीतले कागद वाचताना कळलं.

हे आलं कुठून? १८५८ साली, कंपनी सरकार जाऊन राणीचं राज्य आलं त्याच वर्षी, वेड्यांबद्दलचे तीन कायदे झाले. मुंबईत कुलाब्याला त्याच्या आधीपासून वेड्यांचं इस्पितळ होतं. रत्नागिरीचं १८८६ चं. ठाण्याचं १९०१ मध्ये उभं राहिलं, शेठ नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने. जुन्या कागदांत ते एन. एम. मेंटल हॉस्पिटल म्हणून सापडतं. येरवडा, नागपूर धरून राज्यात अशी चार. ठाण्याच्या मंजूर खाटा १,८५०, येरवड्याच्या २,५४०.

१९१२ च्या कायद्यात पैशाची कलमं अगदी स्पष्ट आहेत. रस्त्यावर सापडलेल्या वेड्याच्या अंगावर काही ऐवज असेल तर त्यातून खर्च. मालमत्ता असेल तर दिवाणी कोर्टातून हुकूम काढून त्यातून खर्च. ज्याच्यावर त्याला पोसायची कायदेशीर जबाबदारी आहे, त्याच्याकडून खर्च. यातलं काही नसेल तर सरकार. म्हणजे "पैसे कोण देणार" हा प्रश्न काही विमा कंपन्यांनी आणलेला नाही. फक्त हिशोब कशाचा, तर आत ठेवण्याचा. बाहेर जगणाऱ्या माणसाचा हिशोब त्या कायद्याला करायचाच नव्हता. १९४६ च्या भोर समितीने देशभरातल्या खाटा मोजल्या तेव्हा साधारण ४०,००० लोकांमागे एक खाट निघाली, आणि तीही गर्दीने भरलेली.

त्याच काळात वेगळा विचार करणारा एक माणूस होता, त्यांचं नाव आपल्याकडे फार घेतलं जात नाही. प्रा. बी. पी. आडारकर. १९४३ मध्ये सरकारने त्यांना कारखान्यातल्या कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना करायला सांगितली, १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, तोच आपला ईएसआय. १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली, १९५४ मध्ये महाराष्ट्रात आली.

ईएसआयचं नाव काढलं की आपल्याकडे लोक तोंड वाकडं करतात. रांगा, औषधं नाहीत, रेफर करतात. खरं आहे, मीही त्या रांगेत उभा राहिलोय. पण मनाच्या आजाराच्या बाजूने बघितलं तर त्या कायद्याची रचना मेडिक्लेमपेक्षा कितीतरी शहाणी आहे. एक तर त्यात ओपीडी आहे. गोळ्यांसाठी ॲडमिट व्हावं लागत नाही. दुसरं म्हणजे तो विमा नुसतं बिल भरत नाही, बुडालेला पगारही भरतो. साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवस, पगाराच्या ७० टक्के. लांबणाऱ्या ३४ आजारांची वेगळी यादी आहे, त्यांना ८० टक्के, आणि हा लाभ दोन वर्षांपर्यंत जाऊ शकतो. टीबी, कॅन्सर, कुष्ठरोग यांच्याबरोबर त्या यादीत स्किझोफ्रेनिया आहे, उन्माद-नैराश्याचा आजार आहे, डिमेन्शिया आहे.

मी ती यादी त्या मुलाच्या बायकोला दाखवली. तिने बोट ठेवून आजाराचं नाव वाचलं. "मग?" म्हणाली.

मग काय, ते पुढे सांगतो. आधी आपल्या भागाची गंमत बघा. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं. तिथल्या कर्मचाऱ्यांना अणुऊर्जा खात्याची स्वतःची वर्गणीवाली आरोग्य योजना आहे. दवाखाना, तज्ज्ञ, औषध, सगळं तिच्यात. त्याच रस्त्याने जरा पुढे एमआयडीसी, तिथे ईएसआय, तेही महिना २१,००० पर्यंत पगार असेल तर. २०१३ पासून डहाणू लोकल सुरू झाली आणि आपल्यातली बरीच पोरं मुंबईच्या ऑफिसांत जाऊ लागली. त्यांना कंपनीचं ग्रुप मेडिक्लेम. आणि वाडीवाले, मच्छीमार, पाड्यांवरचे आदिवासी यांना २०१३ पासून राजीव गांधी जीवनदायी, जी २०१७ पासून महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. एकाच लोकलच्या डब्यात चार विमे बसलेले असतात. आजार एकच असला तरी कुणाला गोळी मिळेल, कुणाला खाट मिळेल, कुणाला नुसता फॉर्म मिळेल, हे तो माणूस कुठे कामाला आहे त्यावर.

मेडिक्लेम १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी आणलं. हॉस्पिटलात २४ तास ॲडमिट झालात तर खर्च मिळेल, हा त्याचा पाया. काय मिळणार नाही त्याची यादीही बरोबर आली, आणि मनाचे आजार वर्षानुवर्षं वेगवेगळ्या पॉलिसींच्या त्या यादीत राहिले. २००१ पासून टीपीए आले. म्हणजे डॉक्टर आणि विमा कंपनी यांच्यामध्ये बसून मंजुरी देणारा तिसरा माणूस. त्याने पेशंट बघितलेला नसतो, फाइल बघितलेली असते.

अमेरिकेत हे आपल्या आधी होऊन गेलंय. तिथे १९८० नंतर मनोविकाराच्या खाजगी इस्पितळांची बिलं फुगली, तेव्हा कंपन्यांनी मानसिक उपचारांचा विमा वेगळा काढून खास कंपन्यांकडे सोपवला. याला तिथे मॅनेज्ड केअर म्हणतात. फोनवरून विचारायचं, किती दिवस ठेवू, किती भेटी देऊ. पलीकडचा सांगेल तेवढं. लोक चिडले, १९९६ मध्ये कायदा आला की शरीराच्या आजाराला जेवढी पैशाची मर्यादा तेवढीच मनाच्या आजाराला. मग पैशाऐवजी भेटींवर मर्यादा आल्या. वर्षाला इतक्याच भेटी, इतकेच दिवस. ते बंद करायला २००८ चा दुसरा कायदा करावा लागला. तरी "गरज वैद्यकीय आहे का" यावरून तिथे अजून कोर्टकचेऱ्या चालतात.

आपल्याकडे हा बदल एका ओळीने झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम २१ चं चौथं उपकलम आहे: शरीराच्या आजाराला ज्या धर्तीवर विमा, त्याच धर्तीवर मनाच्या आजाराला विमा प्रत्येक कंपनीने द्यायचा. कायदा २९ मे २०१८ ला लागू झाला, १६ ऑगस्ट २०१८ ला विमा नियामकाने परिपत्रक काढलं की तात्काळ पाळा. तात्काळ! २०२० मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९ एप्रिल २०२१ ला दिल्ली उच्च न्यायालयात न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी नॅशनल इन्शुरन्सच्या विरोधात निकाल दिला; एका महिलेच्या मानसिक आजाराचा क्लेम पॉलिसीतल्या जुन्या अपवादावर बोट ठेवून नाकारला होता, कोर्टाने म्हटलं की कायदा आल्यावर तो अपवाद चालणार नाही. त्याच कोर्टात दुसरं एक प्रकरण आलं, त्यात पॉलिसी ३५ लाखांची होती आणि मानसिक आजारासाठी मर्यादा ५० हजारांची. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये नियामकाला पुन्हा परिपत्रक काढून तारीख द्यावी लागली, ३१ ऑक्टोबरपर्यंत सगळ्या पॉलिसी दुरुस्त करा. चार वर्षांनी.

बरं, दुरुस्त झाल्या. आता काय मिळतं? कायद्याचे शब्द परत वाचा, "त्याच धर्तीवर". शरीराच्या आजाराला मेडिक्लेम कधी पैसे देतं? ॲडमिट झाल्यावर. म्हणजे मनाच्या आजारालाही ॲडमिट झाल्यावर. साधारण पॉलिसीत ॲडमिट होण्याच्या आधीचे ३० दिवस आणि घरी आल्यानंतरचे ६० दिवस धरतात. अपेंडिक्सला ते पुरतं. ज्या आजारात वर्षानुवर्षं गोळी घ्यायची, महिन्याला डॉक्टरला भेटायचं, समुपदेशनाला जायचं, त्यात एकसष्टाव्या दिवशी काय करायचं?

माझ्या मेहुणीला नैराश्याचा त्रास झाला, चांगल्या कंपनीत आहे, मोठी पॉलिसी आहे. डॉक्टर म्हणाले ॲडमिट करायची काही गरज नाही, गोळ्या आणि दर आठवड्याला बोलायला या. विमावाल्यांचं उत्तर, ओपीडी खर्च पॉलिसीत बसत नाही. एका ओळखीच्याने सुचवलं, "दोन दिवस ॲडमिट दाखवा ना, होऊन जाईल." तिने नाही केलं. पण विचार करा, जो उपचार स्वस्त आणि बरोबर होता त्याला पैसे नाहीत, आणि जो नको होता त्याला आहेत. ज्याला पैसे मिळतात तेच हॉस्पिटलं चालवणार. उद्या बोईसरला कुणी मनोविकाराचा दवाखाना काढलाच, तर तो खाटा टाकेल की समुपदेशक नेमेल?

सरकारी योजनेतही तोच पाया. जीवनदायी, म्हणजे आताची फुले योजना, मुळात शस्त्रक्रिया आणि मोठ्या ॲडमिशनसाठी बांधलेली. २०१८ मध्ये आयुष्मान भारत आली तेव्हा तिच्या यादीत मानसिक आजार आले, ही चांगली गोष्ट. पण तेही खाटेच्या दिवसांवर, आणि सुरुवातीला फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव. म्हणजे आपल्या माणसाला पुन्हा ठाणेच. १९०१ पासून आतापर्यंत इमारती बदलल्या, कायद्यातला "लुनॅटिक" हा शब्द गेला, पैशाची वाट मात्र खाटेवरूनच जाते.

कायद्यात अजून एक कलम आहे, अठरावं. प्रत्येक जिल्ह्यात सरकारने मानसिक आरोग्य सेवा द्यायची. ती जिल्ह्यात नसेल तर माणसाने जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी उपचार घ्यायचे आणि खर्च सरकारने द्यायचा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. या कलमाखाली पैसे मागितलेला एकही माणूस मला आपल्या बाजूला भेटलेला नाही, कारण असं कलम आहे हे माहीत असलेलाच कुणी भेटलेला नाही. या कायद्यातली मंडळं आणि प्राधिकरणं कागदावरून उठून चालायला लागावीत म्हणून डॉ. हरीश शेट्टी यांना मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. तिकडे ठाण्याच्या हॉस्पिटलच्या जागेची चर्चा जास्त होते ती ठाणे-मुलुंडमधल्या नव्या स्टेशनमुळे.

आता पिशवी.

त्या मुलाने बोईसरला तीन वर्षांच्या वर काम केलंय, एकाच कंपनीच्या गेटमधून आत जाऊन. पण कागदावर तो कंपनीचा नाही, ठेकेदाराचा. मध्ये ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदाराने त्याचा जुना ईएसआय नंबर विचारलाच नाही, नवीन नोंदणी करून टाकली. कदाचित आळस असेल, कदाचित दुसरं काही. पिशवीत त्यामुळे दोन नंबर निघाले. लांबणाऱ्या आजाराच्या लाभाला अट अशी आहे की माणूस किमान दोन वर्षं विम्याच्या नोकरीत हवा आणि आधीच्या चार सहामाह्यांत मिळून १५६ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. दोन्ही नंबर मिळवले तर तो या अटीत आरामात बसतो. नव्या नंबरावर बघितलं तर त्याची नोकरी अजून दोन वर्षांची झालेलीच नाही. त्याला उत्तर मिळालं ते नव्या नंबरावर बघून.

आणि तो आजारी पडायला लागला तेव्हाच त्याचे खाडे वाढले होते. या आजाराचं पहिलं लक्षणच ते असतं, माणूस कामावर जायचं टाळतो, रात्रपाळीला भितो. खाडे झाले की वर्गणीचे दिवस कमी होतात. म्हणजे आजारच माणसाला विम्याच्या अटीतून हळूहळू बाहेर ढकलतो. आडारकरांच्या योजनेत हा मुलगा बसत होता. ठेकेदारी नंतर आली आणि तिने त्याचे दोन तुकडे केले.

तिला मी दोन गोष्टी सांगितल्या. एक, ईएसआयचा नंबर माणसाचा असतो, ठेकेदाराचा नाही. नोकरी बदलली तरी तोच चालतो, आणि दोन झाले असतील तर ते जोडायचा अर्ज करता येतो. दोन, ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर ती भरायची पहिली जबाबदारी कायद्याने मूळ कंपनीची आहे, कलम ४०. कंपनीने ती मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावी. अर्ज लिहून दिला, दोन्ही नंबरांच्या वर्गणीचे तक्ते जोडले, डॉक्टरांचा कागद जोडला. पोच मिळाली आहे. उत्तर अजून नाही.

तो सध्या बरा आहे. सकाळी वाडीत पाणी लावतो, संध्याकाळी मुलीला सायकलवर स्टेशनपर्यंत फिरवून आणतो. गोळ्या पालघरहून येतात, पैसे तिच्या भावाच्या खिशातून. तिने मला विचारलं, गोळ्या किती वर्षं लागतील. मी म्हटलं डॉक्टरांना विचार. काकाला शेवटपर्यंत लागल्या, हे नाही सांगितलं.

बोईसर-तारापूरला ठेकेदाराकडे कामाला असणाऱ्या सगळ्यांनी एक करा. आज पगाराची स्लिप काढा, ईएसआयचा नंबर बघा, मागच्या ठेकेदाराच्या वेळचा नंबर शोधा. दोन निघाले तर आजारी पडायच्या आधी जोडून घ्या. कसं करायचं ते मला मेसेज करा, त्या अर्जाचा नमुना पाठवतो. आणि घरात कुणाची रात्रीची झोप गेली असेल, कुणी गप्प गप्प झालं असेल, तर टेली-मानसचा सरकारी नंबर १४४१६ आहे. फोनवर मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, आणि ॲडमिट व्हावं लागत नाही.